रेंज गेली, कारण पंखा थांबला: टेलिकॉम रॅकमधले पॉवर सप्लाय आणि फॅन कसे सांभाळतात



ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना मी 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' पन्नास वेळा म्हणतो, ते तेवढं काढून टाकलंय. बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "अरे, हा कसला विषय? पॉवर सप्लाय आणि पंखे?" पण तुमच्या मोबाईलची रेंज अचानक गेली की आपण काय म्हणतो? "टॉवर गेला." किंवा "केबल तुटली असेल." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधीकधी टॉवर जागेवर असतो, फायबरही ठीक असते आणि थांबलेला असतो तो तळहाताएवढा एक पंखा. अशाच एका पंख्यामुळे मागच्या उन्हाळ्यात चार तास बऱ्याच गावांची रेंज गेली होती. त्यात माझाही हात होता, म्हणून हा एपिसोड.

[०१:५०] आधी चूक सांगतो

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बीटेक केलं, पुण्यात नोकरी लागली. माझं काम म्हणजे नेटवर्क मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर. ठिकठिकाणच्या रॅकमधली मशीन्स आपली तब्येत कळवत असतात: तापमान किती, पंखा किती वेगाने फिरतोय, पॉवर सप्लाय चालू आहे का. काही बिघडलं की अलार्म येतो. तो अलार्म बरोबर माणसापर्यंत पोचवायचा, एवढं आमचं काम.

आता अलार्म किती येतात, तर हजारोंनी. त्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं एक मशीन सारखा एकच अलार्म पाठवायचं. 'फॅन ३, वेग कमी.' दोन मिनिटांनी 'अलार्म क्लिअर.' पुन्हा 'वेग कमी.' पुन्हा 'क्लिअर.' दिवसातून चाळीस वेळा. कंट्रोल रूमची पोरं वैतागली. मी एक नियम लिहिला: जो अलार्म सारखा येतो-जातो आणि 'मायनर' दर्जाचा आहे, तो स्क्रीनवर दाखवायचाच नाही. स्क्रीन स्वच्छ झाली आणि माझं कौतुकही झालं.

तीन आठवड्यांनी, मे महिन्यातल्या एका रविवारी, तिथली लाईट दुपारी दोनला गेली. जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. बॅटरी होती, त्यामुळे मशीन चालू राहिलं. पण बॅटरीवर एसी चालत नाही. पत्र्याच्या बंद खोलीचं मे महिन्यात काय होतं ते मराठवाड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. तीन वीसला एक पॉवर सप्लाय तापून बंद पडला आणि त्याच्या मागोमाग दुसराही गेला. त्या मशीनवरून पुढे जोडलेले सगळे टॉवर मुके झाले. टेक्निशियन काका सत्तर किलोमीटरवरून स्पेअर घेऊन पोचले. संध्याकाळी साडेसातला नेटवर्क परत आलं.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः तिथे गेलो. काकांनी चहा पाजला, रॅक दाखवला, आणि मग जाता जाता म्हणाले, "सर, आमच्या बाजूच्या वाडीत तेवढं एकच नेटवर्क येतं. त्या दिवशी एका म्हातारीच्या छातीत दुखायला लागलं. १०८ लागेना. पोरांनी मोटरसायकलवर मधी बसवून नेली दवाखान्यात." आजी वाचल्या, आता बऱ्या आहेत. पण परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

त्या दिवशी काकांकडून जे शिकलो आणि नंतर मॅन्युअलं उघडून जे वाचलं, ते आज सांगतो.

[०५:१०] वीज येते कुठून?

टेलिकॉमचा रॅक म्हणजे १९ इंच रुंदीचं लोखंडी कपाट. उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. त्यात मशीन्स खणांसारखी एकावर एक बसवलेली असतात.

घरातल्या राउटरला आपण भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमधून वीज देतो. टेलिकॉममध्ये मात्र बहुतेक ठिकाणी उणे ४८ व्होल्ट डीसी असते. म्हणजे मेन्सची वीज आधी रेक्टिफायरमध्ये जाते, तिथे एसीची डीसी होते आणि त्याच लाईनवर बॅटरी बँक कायम जोडलेली असते. लाईट गेली तरी मधे एक क्षणही खंड पडत नाही, कारण बॅटरी 'सुरू' करावी लागत नाही, ती तिथे असतेच.

४८ का? २ व्होल्टचे २४ लेड-ॲसिड सेल एकापुढे एक जोडले की ४८ होतात. ६० व्होल्टच्या खालचा डीसी माणसाला त्या मानाने सुरक्षित समजला जातो, तोही फायदा. आणि उणे का? जुन्या टेलिफोनच्या काळापासून यात पॉझिटिव्ह बाजू अर्थ करतात. जमिनीतल्या तांब्याच्या तारा मातीच्या मानाने उणे राहिल्या की ओलाव्यामुळे होणारी त्यांची झीज कमी होते.

मल्टिमीटर लावला तर आकडा ४८ दिसत नाही हं! बॅटरी पूर्ण भरलेली आणि मेन्स चालू असेल तर साधारण ५४ दिसतो. आकडा ४८च्या आसपास येऊन हळूहळू उतरत असेल तर समजायचं, आपण बॅटरीवर आहोत.

आता एक गंमत. मशीनला लागणारे वॅट तेवढेच राहतात. व्होल्टेज उतरलं की ते वॅट भरून काढायला मशीन जास्त करंट ओढतं. १४०० वॅटचा भार ५४ व्होल्टवर साधारण २६ अँपिअर घेतो, ४४ व्होल्टवर जवळजवळ ३२. म्हणजे बॅटरी संपत आली की वायर, ब्रेकर आणि जोड यांच्यावर ताण वाढतो. एखादा स्क्रू ढिला असेल तर तो नेमका तेव्हाच तापतो.

[०८:००] दोन पॉवर सप्लाय आहेत म्हणजे आपण सेफ?

हा माझाही गैरसमज होता. मशीनमध्ये दोन पॉवर सप्लाय असतात, ए आणि बी. दोन्हींना वेगळ्या फीडमधून वीज येते. एक गेला तर दुसरा सांभाळतो. पण सांभाळतो का, हे गणित करून बघायला लागतं.

आमच्या त्या मशीनचे दोन्ही सप्लाय १२०० वॅटचे. बसवलं तेव्हा भार ९०० वॅट होता, छान चाललं होतं. मग टॉवर वाढले, कार्डं वाढली आणि भार १४०० वर गेला. दोघांत वाटून प्रत्येकी ७००. स्क्रीनवर दोन्ही हिरवे. पण एक बंद पडला की दुसऱ्यावर एकदम १४०० येणार आणि त्याची कुवत १२००ची. त्या रविवारी तेच झालं. दोन सप्लाय होते, पण एकमेकांना पर्याय ते कधीच उरले नव्हते. नवीन कार्ड टाकताना कोणी बेरीज केली नव्हती.

तेव्हा नियम सोपा आहे: एकूण भार हा एका सप्लायच्या क्षमतेपेक्षा कमी हवा, आणि तोही थोडी जागा राखून. प्रत्येक वेळी कार्ड वाढवलं की ही बेरीज पुन्हा करायची.

दुसरी गोष्ट वयाची. पॉवर सप्लायमध्ये सगळ्यात आधी म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आत द्रव असतो, उष्णतेने तो हळूहळू सुकतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर आयुष्य दुप्पट होतं. समजा कपॅसिटरवर लिहिलंय: १०५ अंशांवर ५,००० तास. तो ६५ अंशांवर चालला तर ४० अंश खाली, म्हणजे चार वेळा दुप्पट, साधारण ८०,००० तास. नऊ वर्षं! तोच ७५ अंशांवर चालला तर साडेचार. म्हणजे फिल्टर तुंबल्यामुळे दहा अंश वाढले तर मशीन आज बंद पडणार नाही, पण त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं असतं.

मग बघायचं काय? दोन सप्लायमधला भार साधारण सारखा वाटला जातोय का. एक ९०० देतोय आणि दुसरा ५००, तर चौकशी करायची. जोड घट्ट आहेत का, वायरचं इन्सुलेशन कुठे पिवळं किंवा तपकिरी पडलंय का, जळका वास येतोय का. आणि कपाटातले स्पेअर! वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सप्लायचे कपॅसिटरसुद्धा बिघडतात. म्हणून स्पेअर अधूनमधून लावून, चालवून बघायचा. ऐन वेळी खोक्यातून काढलेला सप्लायच बंद निघाला तर सत्तर किलोमीटर पुन्हा जायचं कोणी?

[११:४०] आता पंखे

रॅकमधल्या पंख्याला नुसत्या दोन तारा नसतात. दोन तारा विजेच्या, एक तार वेग 'ऐकवण्यासाठी' आणि बहुधा एक वेग 'ठरवण्यासाठी'. प्रत्येक फेऱ्यात पंखा ठरावीक पल्स पाठवतो, त्या मोजून मशीनला आरपीएम कळतो. तापमान वाढलं की कंट्रोलर वेग वाढवतो, गार झालं की कमी करतो.

वेग कमी का ठेवायचा? कारण पंख्याची वीज वेगाच्या घनाने वाढते. निम्म्या वेगाने फिरणारा पंखा पूर्ण वेगाच्या साधारण एक अष्टमांश वीज खातो. शिवाय आवाज कमी आणि बेअरिंगही जास्त टिकतं.

हवा किती लागते त्याचाही हिशेब सोपा आहे. १,००० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि हवा आत येताना व बाहेर जाताना फक्त १० अंशांचा फरक हवा, तर तासाला साधारण ३०० घनमीटर हवा लागते. फिल्टरमध्ये धूळ बसून हवा निम्मी झाली की फरक २० अंश होतो. बाहेर खोलीत ४० अंश असतील तर बाहेर पडणारी हवा ६०ची. आतल्या चिप्स त्याहून गरम.

एक पंखा बंद पडला तर सहातला एकच गेला असं वाटतं. पण बंद पंख्याच्या भोकातून बाकीचे पंखे गरम हवा उलटी ओढतात. तीच हवा आतल्या आत फिरत राहते. रॅकमधल्या रिकाम्या जागा उघड्या सोडल्या तरी हेच होतं. म्हणून तिथे ब्लँक पॅनेल, म्हणजे साधी पट्टी, लावायची असते. दिसायला फालतू वाटते, पण काढून ठेवली की हवेचा रस्ता बिघडतो.

पंख्याच्या डेटाशीटवर 'एल१०' नावाचा आकडा असतो. समजा ७०,००० तास लिहिलंय, म्हणजे साधारण आठ वर्षं. त्याचा अर्थ 'हा पंखा आठ वर्षं चालेल' असा नाही. तेवढ्या तासांत शंभरातले दहा पंखे बंद पडलेले असतील, असा आहे. नेटवर्कमध्ये ३,००० पंखे असतील तर ३०० पंखे आठ वर्षांच्या आत जाणारच. पंखा जाणं हा अपघात नाही, ती रोजची गोष्ट धरून चालायचं.

आणि माझा तो येणारा-जाणारा अलार्म? काकांनी तो जुना पंखा जपून ठेवला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोटानं फिरवून बघा." फिरवला तर एका जागी किंचित अडकायचा. बेअरिंग झिजलं होतं. म्हणून वेग खाली यायचा, मग कंट्रोलर जोर लावायचा, वेग वर यायचा, अलार्म क्लिअर. ज्याला मी 'नॉइज' समजत होतो, तेच त्या आजाराचं लक्षण होतं. काका म्हणाले, "सर, अलार्म बंद केल्यानं पंखा नीट होत नसतो." रागावून नाही, अगदी साधेपणाने म्हणाले.

[१५:३०] हातात स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी

हा भाग फील्डवर काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी. ट्रेनिंग आणि परवानगीशिवाय कुणीही हात लावू नका, हे आधीच सांगतो.

फिल्टर: मशीन बंद न करता निघतो. स्पेअर फिल्टर आधी बसवायचा, मळका बाहेर न्यायचा. खोलीत झटकला तर धूळ पुन्हा तिथेच जाते. स्पंजचा असेल तर साध्या साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच वापरायचा. ओला कधीच नाही. किती दिवसांनी? ते जागेवर अवलंबून. शेजारी शेत किंवा कच्चा रस्ता असेल तर महिन्याला बघायचं.

फॅन ट्रे: नवा ट्रे हातात असल्याशिवाय जुना ओढायचा नाही. पंख्यांशिवाय मशीन मोजून काही मिनिटं तग धरतं. किती, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आधी वाचायचं. नव्या ट्रेचा पार्ट नंबर आणि हवेची दिशा तपासायची, उलट्या दिशेचा बसवला तर गरम हवा समोर येते. ट्रे थोडा ओढून थांबायचं, पाती थांबू द्यायची, मग पूर्ण काढायचा. नवा बसवला की पंखे काही सेकंद जोरात घोंघावतात आणि मग शांत होतात. वेग आणि अलार्म बघूनच तिथून निघायचं.

ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भरमसाट वेगाने फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि मोटर उलट वीज तयार करते. आणि वर्षानुवर्षं अखंड फिरलेला पंखा एकदा थांबला की पुन्हा सुरू होईलच असं नाही, आतलं वंगण सुकलेलं असतं. म्हणून ठरवून शटडाउन घ्यायचा असेल तर स्पेअर ट्रे घेऊनच जा.

पॉवर सप्लाय: आधी दुसरा सप्लाय एकट्याने भार पेलेल का ते गणित. मग कुठला काढायचा ते लेबल बघून दोनदा खात्री, कारण चुकून चांगला काढला तर खेळ खल्लास. त्या फीडचा ब्रेकर बंद, मल्टिमीटरने वीज नाही ना ते पाहणं, मगच वायर. चालू भारावर डीसीची वायर ओढली तर ठिणगी लवकर विझत नाही, कारण एसीसारखा डीसी क्षणभरही शून्यावर येत नाही. जोडताना उणे ४८ आणि रिटर्न यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा. अंगठी, कडं, घड्याळ आधी खिशात. ४८ व्होल्टने शॉक बसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, बॅटरी बँक शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर धावतात आणि बोटातली अंगठी तापून लाल होते. पान्यालासुद्धा इन्सुलेशन हवं.

[१८:५०] मी माझ्या बाजूने काय बदललं

परत आल्यावर तो नियम काढला. त्याऐवजी चार गोष्टी केल्या.

एक, येणारा-जाणारा अलार्म लपवायचा नाही. तासाभरात पाच वेळा आला-गेला तर त्याचाच एक नवा अलार्म: 'पंखा तपासा.' चाळीस ओळींची एक ओळ होते, पण ती दिसत राहते.

दोन, कुठलाही अलार्म दाबला तर चोवीस तासांनी तो आपोआप परत येतो आणि कोणी दाबला त्याचं नाव दिसतं. पहिल्या दिवशी त्या यादीत सगळ्यात वर माझंच नाव होतं.

तीन, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि पंख्याचा वेग एकत्र बघायचा. बाहेर ३० अंश असताना मागच्या महिन्यात पंखे ६० टक्क्यांवर होते आणि आज तेवढ्याच तापमानाला ८० टक्क्यांवर आहेत, तर फिल्टर तुंबतोय. अलार्म यायच्या कितीतरी आधी हे कळतं.

चार, एकूण भार एका सप्लायच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांवर गेला की 'मेजर' अलार्म, भले दोन्ही दिवे हिरवे असोत. हा नियम लावला त्या रात्री अशी बरीच मशीन्स सापडली. त्यांची कामं आता एकेक करून चालू आहेत.

[२१:००] श्रोत्यांचे प्रश्न

"घरच्या राउटरला यातलं काय लागू?" त्याला बहुधा पंखा नसतो, नुसती भोकं असतात. ती झाकू नका. टीव्हीवर, कपाटात किंवा देव्हाऱ्यामागे कोंबून ठेवू नका. राउटर सारखा रीस्टार्ट होत असेल तर आधी ॲडॉप्टर तपासा, कपॅसिटर त्यातही असतातच.

"लॅपटॉपचा पंखा जोरात ओरडतोय, काय करू?" तो काहीतरी सांगतोय. गादीवर ठेवून वापरताय का बघा, धूळ काढून घ्या. पंख्याचा वेग कमी करणारं ॲप टाकू नका. मी तेच केलं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर.

"सॉफ्टवेअरवाल्याने साइटवर जावंच का?" जावं. वर्षातून एकदा तरी. स्क्रीनवर 'फॅन ३' दिसतं. तिथे गेल्यावर कळतं, की त्याच्या पलीकडे कुणीतरी १०८ लावतंय.

तर मंडळी, पुढच्या भागात त्याच खोलीतल्या बॅटऱ्यांबद्दल बोलू, काकांनी तिकडची पण एक गोष्ट सांगितलीये. तुमच्यापैकी कुणी फील्डवर असेल तर आपला अनुभव व्हॉइस नोटमध्ये पाठवा, आवडेल ऐकायला. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!